एकाच्या घरी चार मशिनं कशाला?

मन लावून शिवणकाम करणाऱ्याच्या घरी एकच मशीन आहे, असं सहसा होत नाही. खिडकीपाशी टेबलावर एक, भिंतीला टेकून जुनं पायमशीन, पलंगाखाली खोक्यात तिसरं, आणि कापडाची कड बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनला जागा सापडेपर्यंत ते जेवणाच्या टेबलावर. घरच्यांना हे कोडं पडतं. माणूस एक, एका वेळी चालणार एकच. मग इतकी मशिनं कशाला? प्रश्न रास्त आहे. ‘हौस’ म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही. हौस असतेच, पण खरं कारण टाक्यात आहे.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, म्हणजे खाली बसणाऱ्या छोट्या रिळातून. सुई कापडातून खाली जाते आणि वर यायला लागते, तेव्हा तिच्या मागच्या खाचेपाशी दोऱ्याचा छोटा फास सुटतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं, म्हणजे बॉबिनभोवतीच्या आकड्याचं, टोक तिथं पोचून तो फास पकडतं आणि बॉबिनच्या भोवतीनं फिरवून आणतं. शटलचं टोक सुईच्या भोकाच्या साधारण दीड मिलिमीटर वरून गेलं पाहिजे, आणि सुई व टोक यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. दोघं एकमेकांना घासता कामा नयेत आणि फास चुकताही कामा नये. या एवढ्याशा जागेत सगळं शिवणकाम चालतं.

आता याच मशीनवर जीन्स आखूड करायला घ्या. बाजूच्या शिवणीपाशी खालची पट्टी दुमडली की सहा-आठ थर एकावर एक येतात. 14 नंबरची मध्यम सुई (नंबर मोठा तशी सुई जाड) तिथं वाकते. तिला आत शिरायला जागा नाही आणि कापड सरकवणारे खालचे दात मात्र ते पुढं ओढतायत, त्यामुळे सुईचं टोक बाजूला सरकतं आणि खालच्या पत्र्यावर किंवा थेट शटलवर आपटतं. सुई मोडली तर एका अर्थी बरं. बदलली की झालं. न मोडता आपटत राहिली तर पत्र्याच्या भोकाला किंवा शटलच्या टोकाला बारीक खरखर येते. डोळ्यांना ती दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर क्रेप सिल्कचं ब्लाऊज घेतलं की मग समजतं: दोरा दर वीतभर अंतरावर तुटतो, कापडाचे धागे ओढले जातात, टीप कुठं घट्ट, कुठं सैल. टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही, कारण दोष टेन्शनमध्ये नसतोच. अशा वेळी जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा शटलच्या टोकावरून आणि पत्र्याच्या भोकाभोवती हलकेच फिरवावा. जिथं अडकेल तिथं खरखर आहे. अगदी बारीक, 1000 नंबरच्या वर, पॉलिश पेपरनं ती घासून काढता येते, पण टोकाचा आकार बदलेल इतकी घासायची नाही.

जाड कापडासाठी एक मशीन आणि नाजूक कापडासाठी दुसरं, हे एकाहून जास्त मशिनं असण्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात भक्कम कारण. सुई बदलायला अर्धं मिनिट लागतं. पण जीन्सवरून जॉर्जेटवर यायचं म्हणजे 16ची सुई काढून 9 किंवा 11ची घालायची, वरचा दोरा जाडाचा बारीक करायचा, बॉबिन नवी भरायची, टेन्शन सैल करायचं, प्रेसर फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब वरच्या स्क्रूनं कमी करायचा, टाका साडेतीन मिलिमीटरवरून दोन-सव्वादोनवर आणायचा, दातांमधली जीन्सची निळी धूळ ब्रशनं काढायची. ती नाही काढली तर पांढऱ्या अस्तरावर निळसर रेघ उमटते. मग तुकड्यावर चार टिपा मारून बघायच्या. यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि परत जीन्सवर जायचं तर तेवढीच पुन्हा. दोन मशिनं असली तर खुर्ची सरकवली की काम सुरू. पैसे मोजून जी गोष्ट मिळते ती ही: बसलेली घडी मोडावी लागत नाही.

सुतारकामात कुणी ‘पटाशी असताना रंधा कशाला’ असं विचारत नाही. शिवणाच्या मशीनबाबत मात्र ‘सगळं करणारं एक मशीन’ ही कल्पना फार खोल रुजली आहे, आणि विक्रेते ती आणखी रुजवतात. शंभर-दोनशे टाक्यांची यादी छापलेली असते. त्यातले बहुतेक टाके नक्षीचे, आणि रोजच्या कामात साधी टीप, झिगझॅग, काज आणि फार तर एखादा ताणाचा टाका, एवढेच लागतात. झिगझॅग असलेल्या मशीनला त्याची किंमतही मोजावी लागते. सुईला डावी-उजवीकडे हलायला पत्र्यात 5, 7 किंवा 9 मिलिमीटरची आडवी फट ठेवावी लागते. मलमल, शिफॉन, बारीक अस्तर अशा कापडाचा कोपरा टीप सुरू करतानाच त्या फटीत खाली ओढला जातो आणि दातांत चुरगळतो. फक्त सरळ टीप मारणाऱ्या काळ्या मशीनच्या पत्र्याला एकच बारीक गोल भोक असतं. सुईच्या चहूबाजूंनी कापडाला आधार मिळतो, म्हणून टाका सरळ आणि एकसारखा पडतो. आजीच्या काळातल्या पायमशीनची टीप नव्या मशीनपेक्षा सुबक का दिसते, त्याचं उत्तर या भोकात आहे.

क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडीसारखी रजई, करणाऱ्यांना हे फार आधी कळलं. अमेरिकेत सिंगर कंपनीनं 1933 मध्ये 221 हे छोटं मशीन बाजारात आणलं. फेदरवेट म्हणून ते ओळखलं जातं. ॲल्युमिनियमचं अंग, वजन जेमतेम 5 किलो, डावीकडे उघडणारी घडीची पट्टी, आणि टीप फक्त सरळ. ते बनायचं थांबून अनेक दशकं झाली, तरी आजही क्विल्ट करणाऱ्या बायका ते शोधून विकत घेतात, शेजारी संगणकी मशीन असतानाही. त्याचं कारण पाव इंचात आहे. तुकडे जोडून केलेल्या क्विल्टमध्ये शिवणीचा दाब (टिपेबाहेर कडेला सोडलेलं कापड) पाव इंचाचा, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा धरतात. समजा अडीच इंचांचे वीस चौकोन एका ओळीत जोडायचे आहेत. ओळीत एकोणीस शिवणी येतात. प्रत्येक शिवणीचा दाब नुसता अर्धा मिलिमीटर जास्त पडला, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक मिलिमीटर जातं. ओळीच्या शेवटी 19 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच कमी. एका शिवणीकडे बघून ही चूक पकडणं अशक्य आहे, आणि ओळ पूर्ण झाल्यावर दुरुस्त करणंही. पुढची ओळ दुसऱ्या मशीनवर बरोबर शिवली गेली असेल, तर कोपरे जुळणार नाहीत ते नाहीतच.

म्हणून जाणती बाई एक क्विल्ट एकाच मशीनवर जोडते आणि ते मशीन पाव इंचावर बसवून ठेवते. पत्र्यावर सुईपासून मोजून कडेला जाड चिकटपट्टीचा किंवा चुंबकाचा अडसर लावलेला असतो; तीन तुकडे जोडून, इस्त्री करून, मधला तुकडा बरोबर दोन इंचांचा भरतो का ते मोजून मगच पुढचं काम. मोजायचं ते इस्त्री करून झाल्यावर, कारण कापड शिवणीवरून दुमडताना दोऱ्याच्या जाडीएवढं खाल्लं जातं. त्यासाठी दाब पाव इंचाहून दोऱ्याच्या जाडीइतका कमी ठेवतात. यात दातांचीही भानगड आहे. 9 मिलिमीटर झिगझॅगच्या मशीनचे दात दूरदूर असतात. कापडाची कड सुईपासून पावच इंच उजवीकडे असल्यानं उजव्या दाताच्या थोड्याच भागावर येते, पकड अर्धवट राहते आणि टिपेच्या शेवटी कापड तिरकं सरकतं. सरळ टिपेच्या जुन्या मशीनचे दात जवळजवळ, अरुंद. पाव इंचाच्या आत दोन्ही दातांची पकड पुरी बसते.

तुकडे जोडून झाले की मग दुसरं मशीन लागतं, आणि इथं अडचण जागेची असते. क्विल्ट म्हणजे वरचा थर, मध्ये कापसाचं किंवा पॉलिएस्टरचं भरण, खाली अस्तर. दोघांच्या पलंगाचं क्विल्ट साधारण 90 बाय 100 इंचांचं. त्याच्या मध्यावर टीप मारायची तर निम्मं क्विल्ट, 45 इंच रुंद, गुंडाळी करून मशीनच्या हाताखालून उजवीकडे ढकलावं लागतं. घरगुती मशीनमध्ये सुई आणि उजवा खांब यांच्यात सहा-सात इंच जागा असते. त्यात जाड गुंडाळी कोंबली की कापड सरकत नाही, वजन टेबलावरून खाली लोंबतं, सुई मागं ओढली जाते, टाके बारीक-मोठे पडतात. क्विल्टसाठी साडेआठ-नऊ इंच जागेची सरळ टिपेची मशिनं मिळतात ती याचसाठी. शिवणकारखान्यातल्या पॉवर मशीनला दहा-साडेदहा इंच असतात. आणि चौकटीवर क्विल्ट ताणून मशीनचं डोकंच फिरवायचं ते लाँगआर्म अठरा ते सव्वीस इंचांचं. लाँगआर्मला एक खोली द्यावी लागते, म्हणून बहुतेक जणी तो टप्पा बाहेरून पैसे देऊन करून घेतात. माझ्या मते ते शहाणपणाचं आहे.

आपल्याकडे गोधडी मशीनवर शिवणाऱ्यांना हीच झुंज द्यावी लागते, फक्त भरणाच्या जागी जुन्या साड्या-धोतरांचे थर असतात. हाताच्या गोधडीत कडेपासून सुरुवात करून फेरे घेत आत जाणारा धावदोरा सर्रास दिसतो. ते जमतं, कारण हात पुढचं कापड सारखं करत जातो आणि जादा फुगा आत आत सरकवत मध्यावर जिरवतो. मशीनवर तीच पद्धत वापरली तर मध्ये मोठा झोळ उरतो. खालचे दात तळचा थर ओढतात आणि वरचा प्रेसर फूट वरचा थर अडवतो, त्यामुळे वरचा थर दर टाक्याला किंचित मागं राहतो. हातभर टिपेत बोटभर कापड जमा होतं. चहूबाजूंनी टीप मारलेली असेल तर त्याला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून मशीनवर मध्यापासून सुरू करून कडेकडे जायचं. पहिली उभी टीप बरोबर मधोमध, दुसरी आडवी, मग चारही चौकटी आतून बाहेर. त्याआधी थर धुऊन, इस्त्री करून, एकावर एक पसरून, चार-पाच इंचांवर कच्चा टाका. जरीचे काठ कापून बाजूला ठेवायचे. सुई तिथंच मोडते. सिंथेटिक साडी आतल्या थराला घालायची झाली तर एकच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुती. दोन सिंथेटिक थर एकमेकांवर आले की सरकत राहतात, कितीही टाचा. सुई 16ची, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, वरचं टेन्शन नेहमीपेक्षा थोडं सैल, फूटचा दाबही कमी.

वरचा थर मागं राहण्यावर वॉकिंग फूट हा उपाय आहे. त्याला स्वतःचे दात असतात आणि तो वरचा थर खालच्याच चालीनं पुढं नेतो. लावताना त्याचा बाजूचा दांडा सुईच्या स्क्रूच्या वर बसला पाहिजे. तो खाली राहिला तर फूट चालतच नाही, आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणून लोक तो डब्यात टाकून देतात. जड आणि धिमा असला तरी सरळ रेषांसाठी त्याला तोड नाही. वेलबुट्टीसारख्या वळणांसाठी मात्र दात खाली पाडून, उसवलेलं रफू करतात तो उड्या मारणारा फूट लावून, कापड हातानं फिरवावं लागतं. मग टाक्याची लांबी ठरते ती हाताची चाल आणि मोटरची चाल यांच्या मेळावर. वळणावर हात जोरात गेला की खालच्या बाजूला दोऱ्याचे बारीक फास उठतात. टेन्शन वाढवण्याआधी हात धिमा आणि मोटर थोडी जलद करून बघावी. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

या सगळ्यापेक्षा वेगळं कुळ ओव्हरलॉकचं. त्यात बॉबिन नसते. सुईच्या दोऱ्याला दोन लूपर (दोरा फिरवणारे वाकडे आकडे) आपापल्या दोऱ्यांनी वेटाळतात, आणि पुढं लावलेली सुरी कापडाची कड कापत जाते. साध्या टिपेला शिवणीच्या लांबीच्या अडीच-तीन पट दोरा लागतो. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला साधारण चौदा पट. हा जादा दोराच त्या शिवणीचा लवचिकपणा. टी-शर्टचा गळा साध्या टिपेनं शिवला तर डोक्यातून घालताना कापड ताणतं, टीप ताणत नाही, आणि ‘कट्’ आवाज येऊन ती तुटते. साध्या मशीनवर झिगझॅगनं कड बांधता येते, पण सुरी आणि लूपर ही रचना साध्या मशीनमध्ये बसतच नाही. दोन कामं एका मशीनवर होत नाहीत, याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही.

ओव्हरलॉकला लोक घाबरतात ते दोरा ओवण्याला. क्रम पाळला तर त्यात भिण्यासारखं काही नाही: आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया सगळ्यात शेवटी. सुई आधी ओवून मग खालचा लूपर ओवला, तर सुईचा दोरा लूपरखाली अडकून पडतो आणि पहिल्या चार टाक्यांत तुटतो. लूपरचा दोरा मधेच तुटला, तर सुईचे दोरेही काढून पुन्हा शेवटी ओवायचे. रंग बदलायचा तर जुना दोरा रिळापाशी कापून नव्याला गाठ मारावी, प्रेसर फूट उचलून टेन्शन सोडवावं आणि हळू ओढून घ्यावा. सुईच्या भोकातून गाठ जात नाही. तिथं कापून हातानं ओवावा. पुढचे आणि मागचे दात वेगवेगळ्या चालीनं चालवणारी कळ असते, तिचाही उपयोग करा. कड लाटांसारखी पसरत असेल तर आकडा एकच्या वर न्या, पातळ कापड चुण्या घेत असेल तर एकच्या खाली.

टी-शर्टच्या तळाला दिसते ती दोन समांतर टिपांची पट्टी ओव्हरलॉकची नसते; त्याला फ्लॅटलॉक लागतं. ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक एकत्र असलेली घरगुती मशिनंही मिळतात, पण दर वेळी सुया हलवायच्या, लूपर बदलायचा, सुरी खाली पाडायची. अशा जोडमशीनचा एक भाग वर्षभर वापरलाच जात नाही, हे त्याचं नेहमीचं भवितव्य.

साडीच्या पिकोचं मशीनही असंच एका कामाला वाहिलेलं. अरुंद, दाट झिगझॅग घालताना साडीची कड सुईभोवती गोल वळते आणि दोऱ्यात बांधली जाते. फॉल लावणारीनं फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायला हवा. न भिजवलेला सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडी निऱ्यांपाशी गोळा होते. त्याचा दोष मशीनला देऊन उपयोग नाही.

पिकोची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: आपल्याकडे ही मशिनं एका घरात कमी आणि एका गल्लीत जास्त दिसतात. ब्लाऊज शिवणाऱ्या ताई साधी टीप घरी मारतात, कड बांधायला कोपऱ्यावरच्या ओव्हरलॉकवाल्याकडे जातात, पिको-फॉल तिसरीकडे, काज-बटण चौथीकडे. शर्ट शिवणारा शिंपी दहा शर्टांचा गठ्ठा काजवाल्याकडे पाठवतो. प्रत्येकाचं मशीन एका कामावर बसलेलं, एका सुईवर, एका दोऱ्यावर, आणि दिवसभर त्याच चालीत. घरात चार मशिनं ठेवणारी बाई हीच गल्ली घरात आणते. जिथं गल्लीत ही सोय शाबूत आहे तिथं प्रत्येक मशीन विकत घेण्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. काजाचं मशीन तर मुळीच घेऊ नये. महिन्याला चार शर्ट शिवायचे असतील तर जुन्या सरळ टिपेच्या मशीनला लागणारं पत्र्याच्या चकत्यांचं काज-अटॅचमेंट शोधावं. त्यात चकती जशी असेल तसंच काज दर वेळी पडतं. संगणकी मशीनचं एका दमात होणारं काज सपाट कापडावर सुंदर येतं, पण कॉलरच्या पट्टीपाशी थर असमान असले की ते मधेच अडखळतं.

पॉवर मशीन, ज्याला बाजारात सगळे सरसकट ‘जुकी’ म्हणतात, मग त्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो, ते घ्यावं का हा पुढचा प्रश्न. ते मिनिटाला चार-पाच हजार टाके मारू शकतं, घरगुती मशीन सहाशे ते हजार. दिवसाला आठ-दहा ब्लाऊज निघत असतील तर ते हवंच. घेताना सर्वो मोटर घ्या. जुनी क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत घुमत राहते, वीज खाते, आणि पायाखाली एकदम उसळते. सर्वो पाय दाबला तेवढीच फिरते आणि तिची कमाल गती कमी करून ठेवता येते. शिकणाऱ्या मुलीला हजारावर बांधून द्यावी. सुया मात्र वेगळ्या ठेवा. घरगुती सुईचा दांडा एका बाजूनं चपटा असतो, पॉवर मशीनच्या सुईचा पूर्ण गोल आणि बारीक. लांबीही वेगळी, म्हणून एकीच्या जागी दुसरी घातली तर टाकाच उचलला जात नाही. अदलाबदल होऊ नये म्हणून दोन रंगांच्या डब्या कराव्यात. बॉबिनचंही तसंच, एकसारख्या दिसणाऱ्या दोन बॉबिन्सच्या उंचीत जरासा फरक असला तरी डबीत त्या खडखडतात आणि खालचा दोरा झटके देत सुटतो.

आता, नवं मशीन घेण्याआधी काय करून बघावं तेही सांगायला हवं, कारण कितीतरी गरजा शे-दोनशे रुपयांत भागतात. झिगझॅग मशीनसाठी एका भोकाचा सरळ टिपेचा पत्रा वेगळा मिळतो का ते पाहा. तो लावून चुकूनही झिगझॅग लावू नका, सुई पत्र्यावर बसेल. बॉबिनची डबी दुसरी घ्या, तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि ती फक्त जाड दोऱ्यासाठी ठेवा. डबी दोऱ्यानं धरून लोंबकळत ठेवली तर जागेवर राहावी, आणि हाताला हलका झटका दिला की दोन-तीन बोटं खाली सरकावी. स्क्रू पाव फेऱ्याच्या वर एका वेळी फिरवायचा नाही. दोरा मोठ्या कोनवर असेल तर तो मशीनमागं उभ्या दांडीवर ठेवून वरून आणा. मशीनच्या छोट्या खिळ्यावर कोन बसवला की दोरा कडेला अडकतो आणि टेन्शन बिघडल्यासारखं वाटतं.

दुसरं मशीन घ्यायचं ठरलंच तर जुनं घ्या, असं मी निःसंकोच सांगेन. उषा, सिंगर, मेरिट, रिटा यांची काळी मशिनं मोडीच्या भावात निघतात, त्यांचे सुटे भाग लुधियानाच्या कारखान्यांमुळे आजही तालुक्याच्या गावी मिळतात, आणि ओतीव लोखंडाच्या त्या डोक्यात जळायला सर्किट नाही. बघायला जाताना सोबत दोरा, सुई आणि जाड-पातळ कापडाचे दोन तुकडे न्या. चाक हातानं आपल्याकडे फिरवा. जड फिरत असेल तर घाबरू नका, खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल घालून कुणीतरी ते चिकटवलेलं असतं. सांध्यांवर रॉकेलचे थेंब टाकून रात्रभर ठेवावं, सकाळी चाक पुढं-मागं हलवत मोकळं करावं, पुसून काढून मशीनचं पांढरं तेल द्यावं. पण चाक फिरताना एका ठरावीक जागी ‘टक्’ करून अडत असेल तर शटल किंवा सुईची दांडी सरकलेली आहे. भाव कमी करून घ्या. दातांची टोकं बोटाला टोचली पाहिजेत. टेन्शनच्या चकत्यांमध्ये दोऱ्यानं पाडलेली चर असेल तर त्या बदलाव्या लागतील. मोटर लावलेली असेल तर वायरचं वेष्टण दुमडून बघा. तडकलं तर आधी वायर बदला, मग बटण दाबा.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. बॉबिन भरताना मधली चकती सैल केली तरी सुई हलतच राहते, आणि दुरुस्तीवाला चाक बदलायला सांगतो. मधला स्क्रू काढून आतली तीन कानांची वाशर बाहेर काढा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. ती उलटी बसली की चाक सुटत नाही. पायमशीनचा चामडी पट्टा घसरत असेल तर बोटभर कापून क्लिप पुन्हा मारावी. आणि चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून नवशिक्यानं दोरा न ओवता, सुई काढून, आधी नुसतं पाय चालवायला शिकावं.

परदेशी गेलेल्या मंडळींना वेगळंच कारण भेटतं. आपली वीज 230 व्होल्टची, अमेरिकेची 120. इथून नेलेलं मोटरचं मशीन तिथं रडतखडत चालतं आणि तिथून आणलेलं इथं लावलं की मोटर धूर काढते. ट्रान्सफॉर्मरनं साध्या मोटरचं भागतं. संगणकी मशीनसाठी मागच्या पट्टीवर छापलेले आकडे वाचूनच लावावं. हातमशीनला यातलं काहीच लागत नाही. सामानात दहा-पंधरा किलोची जागा असेल तर फक्त डोकं नेता येतं.

मशिनं वाढली की जबाबदारीही वाढते. पडून राहिलेल्या मशीनचं तेल घट्ट होतं, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक मशीन पाच मिनिटं चालवायचं. तेल दिल्यानंतर आधी चिंधीवर वीतभर टीप, तिच्यावर डाग येत नाही याची खात्री, मगच पैठणीचं ब्लाऊज. संगणकी मशीनला पुस्तिकेत सांगितलं असेल तरच तेल. क्विल्टच्या भरणाची धूळ दातांखाली नमद्यासारखी जमते. ती ब्रशनं काढायची, फुंकर मारायची नाही, कारण तोंडाची वाफ शटलला गंज आणते. सुई सात-आठ तासांच्या शिवणानंतर बदलायची, ती मोडण्याची वाट बघायची नाही. प्रत्येक मशीनच्या खांबावर एक चिठ्ठी चिकटवा: सुईचा नंबर, दोरा, टाक्याची लांबी, तेल दिल्याची तारीख. तीन मशिनं असली की कुठल्यात 11ची सुई आणि कुठल्यात 16ची, हे लक्षात राहत नाही.

नव्यानं व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी क्रम असा सुचवेन. पहिलं मशीन सरळ टिपेचं, चांगल्या दर्जाचं. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. ती यात घालावी, नक्षीच्या टाक्यांत नाही. दुसरं ओव्हरलॉक, पण कोपऱ्यावरच्या ओव्हरलॉकला महिन्याला किती पैसे जातात ते तीन महिने लिहून काढल्यावर. तिसरं, जाड कामाचं जुनं काळं मशीन, मोटर न लावलेलं. पिकोचा विचार लग्नसराईतली गिऱ्हाइकं बघून करावा. आणि जे मशीन वर्षभर झाकणाखालून बाहेर आलं नाही, ते साफ करून, तेल देऊन, त्याच्या बॉबिन्स आणि सुयांसकट शिवण शिकणाऱ्या एखादीला देऊन टाकावं. बॉबिनची डबी आठवणीनं सोबत द्या; ती हरवलेली मशिनंच बाजारात सगळ्यात जास्त पडून असतात.